पाहुण्यांच्या गांवांत घर करतांना

शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं लिहून पाठवावें अशी आज्ञा झाली, तेव्हां विषय शोधण्यास आम्हांला फारसे श्रम पडले नाहींत. परदेशाहून परत आल्यापासून भेटणारे पालक आम्हांला बहुधा एकच गोष्ट विचारतात: "फ्रान्सांत समुद्रकांठीं राहत होतां म्हणे! मोठी मौज असेल, नाहीं?" आणि विद्यार्थी विचारतात, "तेथें रोज पोहावयास जात होतां काय?" या दोन्ही प्रश्नांना 'होय' म्हणावें तर तें सर्वस्वीं खरें नव्हे, आणि 'नाहीं' म्हणावें तर कृतघ्नपणा होईल. चार दिवसांसाठीं एखादें गांव पाहणें निराळें आणि त्याच गांवीं बिऱ्हाड थाटून मुलीस शाळेंत घालणें निराळें. आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलें आज ना उद्यां परदेशीं जातील; म्हणून आम्हांस तेथें काय दिसलें व काय उशिरां उमगलें, तें सरळपणें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून देतों. फ्रान्स देशाच्या आग्नेय टोंकास, इटलीच्या सरहद्दीस अगदीं खेटून, मांतों नांवाचें एक टुमदार शहर आहे. त्याची वस्ती सुमारें ३०,००० आहे. पश्चिमेस मोनाकोचें चिमुकलें राज्य, पूर्वेस इटली, दक्षिणेस भूमध्य समुद्र आणि उत्तरेस आल्प्स पर्वताच्या १,००० मीटरांहून उंच अशा रांगा, असा त्याचा थाट आहे. हे डोंगर उत्तरेकडील थंड वारे अडवितात आणि दक्षिणेकडून आलेली सूर्याची ऊब धरून ठेवतात. म्हणूनच पलीकडच्या शिखरांवर बर्फ पडलें असतांहि खालीं मांतोंच्या बागांत लिंबें पिकत असतात. हीं लिंबें आपल्या कागदी लिंबाहून बरींच मोठीं, लांबट व पिवळींजर्द असतात. इ. स. २०१५ मध्यें 'मांतोंचें लिंबू' या नांवास युरोपांत कायद्याचें संरक्षणहि मिळालें आहे.

कोंकणांत वाढलेल्या माणसास या समुद्राकडे पाहून दोन गोष्टी चमत्कारिक वाटतात. एक ही कीं, त्यास भरती-ओहोटी जवळजवळ नाहींच. भूमध्य समुद्र चोहों बाजूंनीं जमिनीनें वेढलेला असून जिब्राल्टरच्या अरुंद सामुद्रधुनींतून तेवढा तो महासागरास मिळतो. त्यामुळें महासागराची भरती आंत फारशी शिरत नाहीं. दुसरी ही कीं, बहुतेक किनाऱ्यावर मऊ वाळू नसून गुळगुळीत गोटे असतात. आमची कन्या पहिल्याच दिवशीं अनवाणी धांवली आणि रडत परत आली! चित्रांतील समुद्रकिनारा आणि पायाखालचा समुद्रकिनारा यांत केवढें अंतर असतें, याचा तो पहिला धडा होय.

आतां या गांवीं परके लोक आले कसे, तें पाहूं. मांतों हें मूळचें कोळ्यांचें व लिंबें पिकविणाऱ्या बागाइतदारांचें गांव. चौदाव्या शतकापासून तें मोनाकोच्या राजघराण्याच्या अमलाखालीं होतें. जड करांना कंटाळून इ. स. १८४८ मध्यें त्यानें व शेजारच्या रोकब्रुन गांवानें मोनाकोचें जूं झुगारून दिलें. पुढें लोकमत घेण्यांत येऊन १८६१ मध्यें तीं दोन्ही गांवें रीतसर फ्रान्सांत सामील झालीं, आणि मोनाकोच्या राजास फ्रान्सकडून ४० लाख फ्रँक मिळाले.

याच सुमारास, म्हणजे १८५९ मध्यें, जेम्स हेन्री बेनेट नांवाचा एक इंग्रज डॉक्टर तेथें आला. त्यास क्षयाची व्यथा जडली होती आणि आपले दिवस भरले अशीच त्याची समजूत होती. परंतु मांतोंच्या ऊबदार हिंवाळ्यांत त्याची प्रकृति सुधारली. पुढें तो दर हिंवाळा तेथें घालवूं लागला, आणि या हवेची तरफदारी करणारें पुस्तक त्यानें लिहिलें. त्या काळीं क्षयावर औषध नव्हतें; हवापालट हाच काय तो उपाय. तेव्हां इंग्लंड, जर्मनी, रशिया इत्यादि थंड देशांतून धनवान् रुग्णांची रीघ लागली. १८६९ मध्यें आगगाडी येऊन पोंचल्यावर तर विचारावयासच नको. जेथें लिंबांच्या बागा होत्या तेथें राजवाड्यासारखीं पथिकगृहें उठलीं, आणि इंग्रज लोकांनीं आपलीं प्रार्थनामंदिरें, वाचनालयें व दुकानें थाटलीं. १८८२ मध्यें खुद्द व्हिक्टोरिया राणी तेथें येऊन राहिली. आपल्या इकडे पांचगणी व महाबळेश्वर येथें साहेब लोक हवा खाण्यास जात, त्यांतलाच हा प्रकार. फरक एवढाच कीं, ते येथें उन्हाळा टाळण्यास डोंगरावर चढत आणि तेथें हिंवाळा टाळण्यास समुद्राकडे उतरत.

या इतिहासाचें सर्वांत बोलकें पुस्तक म्हणजे जुन्या गांवाच्या माथ्यावर, पूर्वीं किल्ला होता त्या जागीं असलेली दफनभूमि. मावळतीच्या वेळीं तेथून समुद्र फार सुंदर दिसतो. पण दगडांवरील अक्षरें वाचूं लागलें म्हणजे मन गलबलून जातें. कोणी वीस वर्षांची, कोणी बाविसांचा. जन्म लंडनला, सेंट पीटर्सबर्गला किंवा डब्लिनला, आणि शेवट येथें. खेळाची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तेथील एक थडगें अवश्य पाहावें. तें विल्यम वेब एलिस याचें आहे. रग्बीच्या शाळेंत शिकत असतां त्यानें १८२३ मध्यें चेंडू हातांत घेऊन धांव ठोकली आणि त्यांतून रग्बीचा खेळ निघाला, अशी आख्यायिका आहे. तिला भक्कम पुरावा नाहीं, तरी जगभरचे खेळाडू त्या थडग्याशीं जाऊन येतात. पुढें तो धर्मोपदेशक झाला व १८७२ मध्यें मांतों येथें वारला. लंडनचा विख्यात उपदेशक स्पर्जन हाहि हिंवाळ्यासाठीं येथें येत असे. १८९२ मध्यें त्यानें येथेंच देह ठेवला.

परंतु पाहुण्यांचें प्रेम कसें पालटतें, तेंहि ध्यानांत घेण्याजोगें आहे. १८८२ मध्येंच जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यानें क्षयाचे जंतु शोधून काढले. हा रोग संसर्गजन्य आहे असें सिद्ध होतांच, ज्या रोग्यांच्या पैशावर गांव वाढलें, तेच रोगी पथिकगृहवाल्यांना हळूहळू नकोसे झाले. १९२० मध्यें कथालेखिका कॅथरिन मॅन्सफील्ड ही क्षयानें पीडलेली असतां येथें येऊन राहिली, तोंवर काळ पुष्कळ पालटला होता. पुढें उन्हाळ्यांत अंग उन्हानें तांबूस करून घेण्याची आवड पसरली. १९३६ मध्यें फ्रान्सांत कामगारांस दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानें मिळाली, आणि समुद्रस्नान हें श्रीमंतांपुरतें राहिलें नाहीं. अशा रीतीनें हिंवाळ्याचें रुग्णगांव तें उन्हाळ्याचें विलासगांव झालें. मध्यंतरीं जून १९४० मध्यें इटलीनें चढाई करून तें घेतलें, तेव्हां घरेंदारें सोडून सारें गांव आधींच आंत निघून गेलें होतें. १९४४ च्या सप्टेंबरांत तें मुक्त झालें. आज जीं शोभिवंत रंगीत घरें चित्रांत दिसतात, त्यांच्या भिंतींनीं एवढें पाहिलें आहे.

आतां आमच्या राहण्याची हकीकत. कामानिमित्त आम्ही तेथें तीन वर्षें होतों. आम्ही म्हणजे प्रस्तुत लेखक, त्याची सहधर्मचारिणी व सात वर्षांची कन्या. ज्यास दीर्घ मुदतीचा परवाना घेऊन फ्रान्सांत राहावयाचें आहे, त्यानें तेथें पोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत तो सरकारदरबारीं नोंदवावा लागतो, आणि मुदत संपण्यापूर्वीं कांहीं महिने नूतनीकरणासाठीं अर्ज करावा लागतो. प्रत्येक कामास पत्त्याचा पुरावा लागतो. विजेचें बिल हा तेथें जणूं माणसाचा दुसरा जन्मदाखलाच आहे. गंमत अशी कीं, घर भाड्यानें मागावें तर मालक बँकेचे कागद व पगाराचे तीन दाखले मागतो, आणि बँकेंत जावें तर ती घराचा पत्ता मागते. लग्न झाल्याशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा अनुभव आम्हीं सहा आठवडे घेतला. शेवटीं एका ओळखीच्या गृहस्थांनीं, 'हे आमच्या घरीं राहतात' असें लेखी दिलें, तेव्हां ती गांठ सुटली.

दुसरा धडा भाषेचा. आम्ही पुस्तकांवरून थोडी फ्रेंच शिकून गेलों होतों व त्याचा आम्हांला अभिमानहि होता. तरी कोपऱ्यावरील पाववाली बाई आमच्याशीं महिनाभर तुटकपणें वागे. आम्हांस वाटलें, परक्यांचा तिटकारा असेल. एके दिवशीं कन्येनेंच उलगडा केला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आंत शिरतांच पाव मागतां. आधीं 'बोंझूर, मादाम' म्हणावयाचें असतें. आम्हांला शाळेंत बाईंनीं सांगितलें आहे." दुसऱ्या दिवशीं आम्हीं तसें केलें, आणि बाईंच्या मुद्रेवर प्रथमच हंसूं उमटलें. ज्याला आम्ही त्यांचा तुसडेपणा समजत होतों, तो त्यांच्या दृष्टीनें आमचा असभ्यपणा होता. दुपारीं दुकानें दोन-दोन, तीन-तीन तास बंद ठेवून घरीं जेवावयास जाण्याची तेथील चालहि आम्हांस प्रथम आळस वाटली. पुढें कळलें कीं, उन्हाळ्याच्या गर्दींत रात्रीं उशिरांपर्यंत राबणाऱ्या माणसास तेवढाच वेळ स्वतःचा असतो.

अशा गांवाचें वर्ष दोन भागांत विभागलेलें असतें. नोव्हेंबर उजाडला कीं निम्म्या इमारतींच्या खिडक्यांवर लांकडी झांपें बंद. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडें होतीं. पैकीं तीन घरांचे धनी पॅरिसांत, मिलानांत व आणखी कोठें तरी राहत. सायंकाळीं समुद्राकांठच्या लांबच लांब रस्त्यावर दिवे लागत, पण घरांत दिवे लागत नसत. मग फेब्रुवारींत लिंबांचा उत्सव येतो. १९३४ पासून हा साजरा होत आला आहे. त्या वेळीं लिंबें व संत्रीं रचून मंदिरें, प्राणी, रथ असे प्रचंड देखावे उभारतात. त्यास सुमारें १४० टन फळें लागतात. पण यांतील बहुतेक फळें मांतोंचीं नसून स्पेन देशाहून आणिलेलीं असतात! मांतोंचीं लिंबें थोडीं व महाग. तीं देखाव्यांत वायां घालविणें परवडत नाहीं. पाहुण्यांसाठीं मांडलेलें गांवाचें रूप आणि खरें गांव, यांतील नातें या एका गोष्टींत स्पष्ट दिसतें. जुलै-ऑगस्टांत तर पाय ठेवावयास जागा नसते. असतील शितें तर जमतील भुतें, हें खरें. पण त्या शितांवरच साऱ्या गांवाचें वर्ष निघावयाचें असतें, हेंहि विसरून चालत नाहीं.

या दोन ऋतूंच्या मधल्या सांध्यावर आम्हांला खरी ठेंच लागली. आमचें पहिलें घर समुद्रापासून शंभर पावलांवर, सजविलेलें आणि भाड्यानें बेताचें होतें. एवढें स्वस्त कां, हें आम्हीं विचारलें नाहीं. सप्टेंबरांत करार झाला. त्यांत जूनच्या मध्यावर घर रिकामें करावें, असें एक कलम होतें. कारण उघड होतें: जें घर महिन्याच्या भाड्यानें आमच्याकडे होतें, तेंच उन्हाळ्यांत आठवड्याच्या भाड्यानें देऊन मालकास कितीतरी अधिक प्राप्ति होणार होती. फ्रान्सांत कायदा असा आहे कीं, सामानासह दिलेलें घर हें भाडेकऱ्याचें मुख्य निवासस्थान असेल, तर करार निदान एक वर्षाचा पाहिजे. विद्यार्थ्यापुरता तो नऊ महिन्यांचा चालतो. परंतु आमच्या करारांत हें घर आमचें मुख्य निवासस्थान नव्हेच, असें लिहिलेलें होतें. आणि फ्रेंच भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हीं तें नीट न वाचतां सही केली होती. तेथील शाळा जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतात. म्हणजे मुलीची शाळा सुरू, आणि आम्ही ऐन हंगामांत रस्त्यावर!

आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध विधवा राहत असे. लिंबांच्या बागाइतदाराची ती मुलगी; तिचा जन्म, लग्न, संसार सारें मांतोंतच झालेलें. आमची अडचण ऐकून ती आपण होऊन वर आली आणि म्हणाली, "डोंगरावरच्या गांवीं माझी बहीण एकटी असते. तिच्याकडे एक खोली आहे. सकाळची मोटार मुलीस वेळेवर शाळेंत पोंचवील." आम्ही तिचे आभार मानूं लागलों आणि बोलतां बोलतां मालकाविषयीं चार कठोर शब्द आमच्या तोंडून गेले. तेव्हां ती शांतपणें म्हणाली, "तुम्हांला तीन आठवड्यांसाठीं बाहेर जावें लागतें, याचें मला वाईट वाटतें. पण माझ्या मुलाला कायमचें जावें लागलें. त्याला या गांवांत घर मिळेना. तो आतां सरहद्दीपलीकडे राहतो आणि कामाला रोज आगगाडीनें येतो. तुम्ही ज्या घरांत राहिलां, तसल्याच घरांत त्याचें बालपण गेलें."

वाचकहो, या बोलण्यावर आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. तोंवर आम्ही स्वतःस अन्याय सोसणारे समजत होतों. आमच्याच खिशांतील पैशानें दुसऱ्या कोणाचें घर महाग झालें असेल, ही गोष्ट आमच्या स्वप्नींहि नव्हती.

हें कसें घडतें, तें थोडें समजून घेतलें पाहिजे. डोंगर आणि समुद्र यांच्या मध्यें सांपडलेल्या गांवाची जमीन वाढूं शकत नाहीं. इकडे पॅरिस, मिलान, लंडन येथील सुखवस्तु लोक सुटीसाठीं दुसरें घर येथें घेतात. त्यांची मिळकत मोठ्या शहराची असते, आणि गांवांतील शिक्षक, परिचारिका, पाववाला यांची मिळकत गांवाची. दोघे एकाच बाजारांत घर मागूं लागले म्हणजे कोणास मिळणार, हें सांगावयास नको. त्यांतच घर आठवड्याच्या भाड्यानें देण्याची सोय आतां घरबसल्या झालेली आहे. घरें महागलीं कीं तरुण कुटुंबें डोंगराकडे किंवा सरहद्दीपलीकडे सरकतात, आणि गांवांत वृद्ध माणसें व बंद खिडक्या तेवढ्या उरतात.

फ्रेंच सरकार याकडे डोळेझांक करीत आहे, असें मात्र नव्हे. २०२३ पासून मुख्य निवासस्थानावरील राहण्याचा कर सर्वांसाठीं रद्द झाला. परंतु सुटीच्या घरांवर तो कायम राहिला, आणि जेथें घरांची टंचाई आहे तेथें त्यावर ६० टक्क्यांपर्यंत वाढ करण्याचा अधिकार नगरसभांस आहे. स्वतःचें राहतें घर प्रवाशांस भाड्यानें देण्याची मर्यादा वर्षास १२० दिवसांची होती. ती ९० दिवसांवर आणण्याची मुभा २०२४ च्या कायद्यानें नगरसभांस दिली. औषध चालू आहे, पण रोग जुनाट आहे. गुण येण्यास वेळ लागेल.

आम्हीं आपल्यापुरता उपाय केला तो असा. दुसऱ्या वर्षीं समुद्राचा मोह सोडून कारेइ ओढ्याच्या खोऱ्यांत, आंतल्या बाजूस, सामानाविना असलेलें एक घर घेतलें. अशा घराचा करार, मालक सामान्य गृहस्थ असल्यास, निदान तीन वर्षांचा असतो. खिडकींतून समुद्र दिसत नसे. त्याऐवजीं लिंबाचीं तीन झाडें आणि शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे दिसत. पण तेथें बाराहि महिने दिवे लागत. कन्येस खेळावयास मुलें मिळालीं. आम्हांस हांक मारून विचारपूस करणारीं माणसें मिळालीं. पहिल्या वर्षांत आम्ही गांव पाहत होतों. दुसऱ्या वर्षीं गांव आमच्याकडे पाहूं लागलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. मांतोंहून आगगाडीनें थोड्याच मिनिटांत इटलीचें व्हेंटिमिल्या गांव लागतें. तेथें शुक्रवारीं मोठा बाजार भरतो आणि आम्हीहि भाजीपाल्यासाठीं तेथें जात असूं. विसाव्या शतकाच्या अखेरीस या सरहद्दीवरील नित्याची तपासणी उठली होती. परंतु आफ्रिका व पश्चिम आशिया येथून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हां २०१५ मध्यें ती पुनः सुरू झाली. त्या वर्षीं जूनमध्यें अडविलेले कितीतरी तरुण सरहद्दीजवळच्या खडकांवर, अगदीं समुद्राच्या तोंडाशीं, दिवसेंदिवस बसून होते. आमच्या काळींहि परतीच्या वाटेवर फ्रान्सांतील पहिल्या स्थानकांत गाडी थांबे आणि कागद तपासले जात. एकदां आमच्या समोरच्या बांकावर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. आमच्या कन्येनें त्यास संत्र्याच्या फोडी दिल्या. त्यानें त्या हंसत घेतल्या. स्थानकांत आम्हीं आपलें ओळखपत्र दाखविलें व आम्हांस जाऊं दिलें. त्याच्याजवळ कागद नव्हता. त्यास खालीं उतरविलें. गाडी सुटल्यावर कन्येनें विचारलें, "बाबा, तोहि परका आणि आपणहि परके. मग त्यालाच कां उतरविलें?" राज्यास कायदे लागतात व ते पाळावे लागतात, हें आम्हीं तिला समजावून सांगितलें, पण तिचा प्रश्न त्यानें पुरा मिटला असें आम्हांला वाटलें नाहीं. एकाच किनाऱ्यावर धनवान् परका आला तर तो पाहुणा, रोगी आला तर प्रथम गिऱ्हाईक व पुढें अडचण, आणि निर्धन आला तर अपराधी. माणूस तोच, समुद्र तोच. कागदाचें महत्त्व तर इंग्रजांनाहि उशिरां कळलें. ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, परवान्यावांचून त्यांस १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें. अर्धें वर्ष आपल्या घरीं सुखानें राहणारे कितीतरी वृद्ध लोक तेव्हांपासून दिवस मोजूं लागले.

आतां पालकांस व विद्यार्थ्यांस आमचें सांगणें थोडक्यांत असें. ज्यास अशा गांवीं राहावयाचें असेल त्यानें तें एकदां तरी ऐन हिंवाळ्यांत पाहून यावें. कारण उन्हाळ्यांतलें गांव हें पाहुण्यांचें असतें. जी भाषा आपणांस येते असें वाटतें, त्या भाषेंतील करार दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा. परवाने व मुदती यांची नोंद एका वहींत ठेवावी. घर शक्य तर जेथें बारमास माणसें राहतात तेथें घ्यावें, मग समुद्र दिसो वा न दिसो. आणि तेथील माणसाच्या तुटकपणास दोष देण्यापूर्वीं, आपण आधीं नमस्कार केला होता काय, हें आठवून पाहावें.

परत आल्यावर आम्ही एकदां गोव्यास गेलों होतों. तेथेंहि समुद्रकांठच्या वाड्यांत कितीतरी घरें मुंबई-दिल्लीच्या लोकांनीं सुटीसाठीं घेतलेलीं, पावसाळ्यांत कुलूपबंद. आणि एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस सांगितलें कीं, त्यांचा मुलगा पोर्तुगालच्या पासपोर्टावर युरोपांत गेला आहे. तेथें तो परका, आणि त्याच्या गांवांत आपण परके! मांतोंच्या बाईचें बोलणें आम्हांस तेव्हां पुनः आठवलें. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावरहि आतां पाहुणे येऊं लागले आहेत. त्यांचें स्वागत अवश्य व्हावें; पण ज्याच्या अंगणांतून वाट जाते त्याचें घर त्या वाटेवरून उठूं नये, एवढी काळजी यजमान व पाहुणा या दोघांनींहि घेतली पाहिजे.

गेल्या नाताळच्या सुमारास त्या वृद्ध बाईचें पत्र आलें. लिंबें यंदां चांगलीं धरलीं आहेत, बहिणीची प्रकृति बरी आहे, मुलगा अजून आगगाडीनेंच येतो, आणि तुम्ही राहत होतां त्या घराच्या खिडक्या आठ महिने बंद आहेत, असें तिनें लिहिलें होतें. शेवटीं आमच्या कन्येस एक निरोप होता: "पुनः आलीस तर खालच्या मजल्यावर खोली आहे, जूनमध्यें तुला कोणी बाहेर काढणार नाहीं." कन्येनें तें पत्र आपल्या पुस्तकांत जपून ठेविलें आहे, आणि त्याचें उत्तर ती सध्यां फ्रेंचमध्यें लिहीत आहे. पहिली ओळ तिनें अर्थातच 'बोंझूर, मादाम' अशी लिहिली आहे.